हिरव्या पाण्याचं विरजण

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं. चहूकडे ऊस, मध्ये गाव, आणि समुद्र म्हणाल तर घाट उतरून ट्रकनं एका दिवसाच्या वाटेवर. असं असूनही दुष्काळ सरल्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या मागच्या खोलीतून समुद्राचा वास यायचा. बोळातून जाणाऱ्या बाया पदर नाकाला लावून पाय उचलायच्या. संध्याकाळी तर तो बोळ लोकांनी टाकलाच होता. पलीकडून वळसा घालून लोक विहिरीवर जायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, तिकडून जवळ पडतं. माझ्यासमोर कुणी काही बोलत नसे, कारण माझ्या नाकावर राग होता आणि गावाला ते ठाऊक होतं.

दोष माझाच होता. आमची सगळी भावकी पायदळात, मी तेवढा नौदलात गेलो. आठ वर्षांनी एका कानाचा पडदा गेला तसं मला घरी पाठवलं. घरी न येता मी दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका मत्स्य प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागलो. साहेबांच्या बरण्या धुता धुता धंदा शिकलो. समुद्रातले मासे टाकीत अंडी घालतात, अंडी फुटतातही, पण पिल्लं जगत नाहीत; तिथंच सगळ्यांचं घोडं अडलेलं. साहेब एकदा म्हणाले, ज्याला ही पिल्लं दहा दिवस जगवता येतील त्यानं मला नुसतं एक पत्र टाकावं, त्याची भाकरी माझ्याकडे. दुष्काळात घरी माणूस कमी पडलं म्हणून मला परत यावं लागलं. येताना मी पत्र्याच्या डब्यातून माशांची एक जोडी आणली, दोन बाटल्यांतून पिल्लांच्या खाण्याची बी आणली आणि साहेबांचं ते वाक्य आणलं.

जोडी मी मागच्या खोलीत काचेच्या टाकीत सोडली. बोटाएवढी. अंग देवाला चढवतात त्या शेंदराच्या रंगाचं, त्यावर पांढरे पट्टे. आईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा आधी हात जोडले. मग म्हणाली, "ह्येंला खायाला काय घालतोस?"

मोठ्यांना काहीही चालायचं. प्रश्न पिल्लांचा होता. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं तोंड सुईच्या टोकाएवढंसुद्धा नसतं, आणि ते पोर असं खोडकर की हलणारं, जिवंत असेल तेच खातं. मेलेल्याकडे बघत नाही. म्हणून त्याच्यासाठी त्याहून बारीक जीव घरी वाढवावे लागतात, आणि त्या जिवांना खायला त्याहून बारीक काहीतरी. वाण्याकडच्या गोळ्यांच्या काचेच्या बरण्या मी गोळा केल्या. निम्म्यांत हिरवं पाणी. म्हणजे ट्रकवाल्याकडून रत्नागिरीहून मागवलेल्या समुद्राच्या पाण्यात वाढणारं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, त्याला उसाचाच युरिया चिमूटभर घालायचा आणि खिडकीतल्या उन्हात ठेवायचं. उरलेल्या निम्म्यांत ते हिरवं खाणारे जीव, प्रयोगशाळेत त्यांना रोटिफर म्हणायचे. आई त्यांना भुरका म्हणायची, कारण बरणी उन्हात धरली की पिठाचा भुरका उडावा तसं आत पांढरं काहीतरी दिसायचं. फरक एवढाच की हा भुरका खाली बसत नसे. वर चढायचा, वळायचा, परत वर चढायचा.

"म्हंजे शेतीच की," आई म्हणाली. "खत घालायचं, हिरवं काढायचं, जनावराला घालायचं."

मी प्रयोगशाळेतला विद्वान. मला ते लागलं. पण ती म्हणाली त्यात चूक काही नव्हती.

भुरका गाळून घ्यायला अतिबारीक कापड लागतं. मी पलटणीतल्या चुलतभावाकडे पॅराशूटचं कापड मागितलं, ते काही आलं नाही. आईनं पेटी उघडून तिचं इरकली लुगडं काढलं, वडील गेल्यापासून नेसली नव्हती ते, आणि रेशमी पदर कात्रीनं टरकन कापून माझ्या हातात दिला. त्या पदरातून भुरका असा गाळला जायचा की साहेबांनीही मान डोलावली असती.

हवेचं दुसरं लचांड. पाण्यात सतत बुडबुडे सोडावे लागतात आणि आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी. मग ट्रकची जुनी ट्यूब आणली, सायकलच्या पंपानं फुगवायची, तिच्या तोंडाला बारीक रबरी नळी आणि नळीच्या टोकाला पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा. पांगारा हलका, छिद्राछिद्राचा. त्यातून हवा धुरासारखी निघायची. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात ती काळी ट्यूब हळूहळू खपाटीला जायची आणि पहाटे पुन्हा फुगायची. नवख्या माणसाला तिथं कुणीतरी निजलंय असं वाटायचं. आमच्या कुत्र्यानं त्या उंबऱ्याच्या आत पाय म्हणून टाकला नाही.

आई मात्र त्या खोलीत रमली. ती म्हसवडकडच्या माळावरची. तिच्या माहेरी खाटेवर बसून आंघोळ करायचे आणि ते पाणी खाटेखाली भांडं ठेवून धरायचे, तेच मग जनावरांना. सांडलेल्या पाण्याकडे ती अशी बघायची जशी दुसरी बाई सांडलेल्या दुधाकडे बघेल. आणि समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. मी तिला सांगितलं की जिथवर नजर जाईल तिथवर पाणीच पाणी, तर तिनं विचारलं, "आन पित कुणीच न्हाई?"

तिला समुद्र कळला तो जिभेनं. उन्हानं बरण्यांतलं पाणी उडायचं आणि खारेपणा वाढायचा. तो मोजायची काचेची नळी माझ्याकडे होती, पाण्यात सोडली की ती किती तरंगते त्यावर आकडा दिसायचा. एक दिवस मी बाहेर गेलेलो असताना आईनं करंगळी बुडवून जिभेला लावली आणि प्रत्येक बरणीसमोर लोटीनं कमी-जास्त गोडं पाणी मांडून ठेवलं. ह्या बरणीला एवढं, त्या बरणीला तेवढं. मी नळी लावून बघितलं. आकडा बरोबर. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एका बरणीत मीठ टाकून ठेवलं. तिनं करंगळी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्येच्यात घरचं मीठ हाय. आईची परीक्षा घेतोस व्हय रं?" त्यानंतर नळी मी गुंडाळून ठेवली.

तिथवर सगळं गमतीचं होतं. मग ती बरण्यांना कान लावू लागली.

हिरवं पाणी आणि भुरका ही भरवशाची वस्तू नाही. आज दाट, उद्या सगळं मेलेलं. पाणी स्वच्छ, तळाशी तपकिरी गाळ, आणि कारण कुणी सांगू शकत नाही. सकाळी आई बरण्यांच्या रांगेतून जायची, एखाद्या काचेला कान टेकवायची आणि म्हणायची, "ह्यो आज जाणार." बरणी हिरवीगार, भुरका उड्या मारतोय, आणि ही म्हणते जाणार. मी हसायचो. उन्हं कलायच्या आत ती बरणी गेलेली असायची. ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

एकदा मी तिला एक चमत्कार दाखवला. भुरक्याची बरणी काळ्या कापडात गुंडाळली आणि कापडाला रुपयाएवढं एकच भोक ठेवलं. थोड्या वेळात आतला सगळा भुरका उजेडाकडे येऊन त्या भोकाशी गोळा झाला, एकावर एक, हलत. हे जीव उजेडाकडे धावतात, बाकी त्यात काही नाही. आईनं भोकाशी डोळा नेला. नेला तो नेलाच. मग हळूच म्हणाली, "मला बघत्यात." मी म्हटलं, आये, त्यांना तू दिसत नाहीस, उजेड दिसतो. ती म्हणाली, "तुला कसं ठावं?"

आमच्या परसाला लागून आतारांचं घर. आतारीण चाची कुंकू, हळद, गुलाबपाणी विकायची, गावोगावच्या बाजारांना जायची. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, पण पुड्या हातानं ओळखायची. तिचं आणि आईचं विरजणाचं नातं. आमचं विरजण नासलं तर तिच्याकडून, तिचं नासलं तर आमच्याकडून. तीस वर्षांत दोन्ही घरांचं दही एकच झालेलं. एके दिवशी मी बघतो तर परसाच्या भिंतीवरून आई तिला एक बाटली देते आहे, आणि बाटलीत हिरवं पाणी.

माझं डोकं फिरलं. किती जपून मी ती बी राखत होतो, आणि ही वाटतेय. मी चाचीसमोरच ओरडलो, "ही काय ताक वाटायची वस्तू हाय व्हय? ह्यातलं तुला काय कळतं?"

चाची बाटली घेऊन निमूट आत गेली. आई म्हणाली, "विरजण एकाच घरात ठिवत न्हाईत," आणि शेण काढायला गेली. त्या बाटलीचा विषय मी पुन्हा काढला नाही, आणि तिनंही नाही. "तुला काय कळतं" हे शब्द मात्र मी परत घेतले नाहीत. ते परत घ्यायला वेळ आहे असं वाटत होतं.

माशांनी त्या वर्षात तीनदा अंडी घातली. तिन्ही वेळा पिल्लं निघाली आणि चार-पाच दिवसांत मेली. मी कधी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कधी विजेला, कधी कुत्र्याला. नाचता येईना अंगण वाकडं. थोरल्या भावानं, दादानं, शेवटी जेवताना सरळ सांगितलं, "ह्या बारीची पोरं दहा दिस जगली तर साहेबाला पत्र लिही आन जा. न्हाई जगली तर बरण्या भंगारात, आन तू उसात." दादाचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षं मी शेतावर जाऊनसुद्धा तिथं नव्हतो.

पावसाळ्यात आई आजारी पडली. आधी पाय सुजले, मग उठवेना. तिनं हट्ट धरला की खाट मागच्या खोलीत टाका. दादाला ते पसंत नव्हतं. ओल, वास, आणि लोक काय म्हणतील. पण तिनं जेवण सोडलं तशी खाट टाकली. टाकीच्या समोरच. बारा दिवस ती त्या खाटेवरून उठली नाही. हे मी नेमकं सांगतो आहे, कारण तिला कुशीवर वळवायचो ते आम्ही दोघं भाऊच.

त्याच दिवसांत जोडीनं टाकीतल्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. पहिल्या दिवशी अंडी शेंदरी दिसतात. मग काळवंडतात. आणि शेवटी शेवटी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे येतात. अंडं अजून अंडंच असतं, पण ते बघत असतं. शेकडो डोळे, कौलाला चिकटलेले, सगळे एकदम वळणारे. आई खाटेवरून तिकडं तोंड करून पडलेली असायची. मला विचारायची, "डोळं आलं का?" नाही म्हटलं की डोळे मिटायची. आठव्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आले. आज दिवेलागणीला फुटतील.

"मग बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तोंड लय खारट झालंय रं. तुझ्या टाकीवाणी." मी चमच्यानं पाणी घातलं. ते तिनं जिभेवर घोळवलं, गिळलं नाही. दुपारच्या आत ती गेली.

शिराळ्याला दिलेली अक्का निरोप मिळताच धावत आली. आम्ही आईला घेऊन ओढ्याकाठी गेलो आणि घरात अक्का आणि भावकीतल्या बाया मागं राहिल्या. परत येऊन, ओल्या कपड्यांनी, उंबऱ्यात ठेवलेला निंबाचा पाला तोंडाला लावून मी आत गेलो आणि परसात माझ्या बरण्या दिसल्या. धुऊन, पालथ्या घालून, भिंतीला ओळीनं. समुद्राचं होतं नव्हतं ते पाणी न्हाणीच्या मोरीतून परसात गेलेलं. मातीवर हिरवट साय पसरलेली, आणि तिच्यावर कोंबड्या चालत होत्या.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की साठवणीचं पाणी सांडतात. घागरी, रांजण, तांब्यातलंसुद्धा. मला ते ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आलो होतो. पण माझ्या बरण्यांतलं पाणी हे पाणी आहे, हे मला सुचलं नव्हतं.

मी अक्काला काय बोललो ते इथं लिहीत नाही. दादानं माझा दंड धरला. अक्का रडून रडून सुजलेल्या तोंडानं म्हणाली, "जित्त्या माशाला मी हात लावला न्हाई, ती टाकी हाय तशी हाय. पर शिळं, हिरवं झालेलं पाणी घरात ठिवू व्हय? आईचा जीव पाण्यात आडकला असता म्हंजे?" तिच्या दृष्टीनं तिनं आईची वाट मोकळी केली होती. मासे जिवंत आणि बरण्यांत नुसतं नासलेलं पाणी. दुसरं कुणी काय समजणार? माझ्या घरातलं एकच माणूस त्या पाण्याला जिवंत समजत होतं, आणि त्या माणसासाठीच ते सांडलं होतं.

दिवेलागणीला वीज गेली. ज्या जागी आईनं प्राण सोडला तिथं, खाट काढून, अक्कानं जमीन सारवली, पीठ पसरलं, पिठावर पणती ठेवली आणि वर पाटी झाकली, एका बाजूनं उचलून, की हवा मिळावी. सकाळी पाटी काढून पिठावर कसला ठसा उमटलाय ते बघायचं, म्हणजे माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. बाया बाहेर गेल्या. मी ट्यूबमध्ये हवा भरायला म्हणून तेवढा आत थांबलो.

तेव्हा अंडी फुटली. पाटीखालून पणतीच्या उजेडाची एकच पट्टी टाकीवर पडत होती, आणि ती शेकडो पिल्लं, डोळा आणि शेपटी एवढीच ज्यांची अंगं, कौलावरून सुटली आणि सगळीच्या सगळी त्या पट्टीकडे गेली. काचेला चिकटून उभी राहिली, तोंडं आईच्या जागेकडे करून. हे जीव उजेडाकडे धावतात, बाकी त्यात काही नाही. हे मी स्वतःशी मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज मला आवडला नाही आणि मी बाहेर आलो.

सकाळी अक्कानं पाटी उचलली. पिठात बारीक खळगे होते, करंगळीच्या टोकाएवढे, टाकीच्या बाजूनं एका ओळीत. टाकीतले बुडबुडे फुटले की थेंब उडतात. मी तसं सांगितलं. अक्कानं एका खळग्याशी बोट नेलं आणि जिभेपर्यंत न नेता पदराला पुसलं.

पिल्लांच्या पोटाला अंड्यातली शिदोरी दीड-दोन दिवस पुरते. त्यात भुरका मिळाला नाही तर संपलं. घाटात दरड कोसळली होती. रत्नागिरीहून पाणी आणणारा ट्रक दिवाळीपर्यंत येणार नव्हता, आणि पाणी आलं तरी बी कुठून आणणार? उकडलेल्या अंड्याचा बलक मी मागच्या वेळी घालून बघितला होता, त्यानं पाणीच नासलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटं आत गेलेली दिसायला लागली. सुतकात होतो, डोईवर केस नव्हते, करण्यासारखं काही नव्हतं. मी टाकीसमोर बसून रडलो. आईसाठी की पिल्लांसाठी ते मला सांगता येणार नाही, आणि तेव्हा त्यांच्यात फरकही वाटत नव्हता.

सुतकात घरची चूल पेटत नाही. शेजार जेवू घालतो. भावकीतून भाकरी-पिठलं येत होतं. त्याच दिवशी उन्हं कलल्यावर, माणसं पांगल्यावर, परसाच्या दारानं चाची आली. पदराखाली दोन बाटल्या, गुलाबपाण्याच्या जुन्या. एकीत हिरवं पाणी. दुसरी मी उजेडात धरली. पांढरा भुरका, दाट, वर चढणारा.

चाची म्हणाली, "पाय सुजलं त्या बाजारी ही भुरक्याची बाटली दिऊन सांगून गेली हुती मला. म्हनली, माझ्या मागं ह्ये समदं पाणी सांडतील. तवा माणसं पांगू दे, मग ह्ये त्येला न्हिऊन दे. त्यो मागाय यायचा न्हाई, त्येला लाज वाटंल."

मी पदराच्या कापडातून भुरका गाळला आणि टाकीत सोडला. पिल्लं आधी स्तब्ध झाली. मग एकेकाचं अंग वाकलं आणि झटक्यानं सरळ झालं. खात होती. थोड्या वेळानं पोटं पांढरी दिसू लागली. खारेपणा बघायला म्हणून मी गुंडाळून ठेवलेली काचेची नळी काढली आणि बाटलीतल्या पाण्यात सोडली. आकडा बरोबर, केसाचाही फरक नाही. पंधरा दिवस उघड्या खिडकीत ठेवलेल्या बाटलीत असं होत नाही.

मी विचारलं, "चाची, ह्यात पाणी किती घालायचं ते तुमाला कसं कळायचं?"

"मला कुठं कळतंय," चाची म्हणाली. "तीच यायची की दुपारची. खिडकीतनं हात घालून बोट बुडवायची, चाखायची, लोटीनं पाणी वतायची आन जायाची. बोलायची न्हाई काय. पाय दुखत्यात म्हणून आत यीत नसंल, म्हनून मीबी हाक मारली न्हाई."

मी म्हटलं, "चाची, आई बारा दिवस उठली नव्हती."

चाचीनं तिचे पांढुरके डोळे माझ्याकडे वळवले. म्हणाली, "मला दिसत न्हाई नीट, बाबा. पर तिचा हात मला कळतो." आणि परसातून निघून गेली, हिरवी साय वाळून पांढरी झालेल्या मातीवरून. त्या तुकड्यावर पुढं बरीच वर्षं गवत उगवलं नाही.

मी त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही. बरण्या परत भरल्या, टाकीतलंच पाणी थोडं थोडं घेऊन. दादा न बोलता पहाटे उठून ट्यूबमध्ये हवा भरून जायचा. अक्का दारात येऊन पिल्लांकडे बघायची आणि आत न येता परत फिरायची. काही पिल्लं रोज मेली, पण सगळी मेली नाहीत. चौथा दिवस गेला, पाचवा गेला.

दहाव्याला आम्ही ओढ्यावर गेलो. पिंड ठेवला. कावळा शिवेपर्यंत माणसं काय काय कबूल करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी रात्रभर मनात शब्द जुळवले होते. म्हणणार होतो, आये, मी बोललो ते परत घेतो. तुलाच कळत होतं. मला वाटत होतं कावळा बराच वेळ घेईल, आईचा जीव माझ्यात अडकलेला असेल, आणि मला ते चारचौघांत बोलावं लागेल. त्याची लाज वाटत होती आणि त्याची वाटही बघत होतो.

ब्राह्मण मागं सरकायच्या आत कावळा आला आणि शिवला. लोक म्हणाले, भाग्याची बाई, तिचं काही राहिलं नव्हतं. अक्कानं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. तिनं सगळं आधीच लावून दिलं होतं, आणि माझ्या शब्दासाठी ती क्षणभर थांबली नव्हती.

घरी येऊन टाकीत बघितलं. सात पिल्लं तळाशी उतरली होती, अंग शेंदरी, आणि डोळ्यामागं एकेक पांढरा पट्टा उमटलेला. मी दादाला हाक मारली. तो वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता पत्र लिही तुझ्या साहेबाला."

पत्र मी लिहिलं, पण आधी चाचीच्या बाटल्या परत करायच्या होत्या. शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मी एकीत हिरवं भरलं, दुसरीत भुरका, तोंडाला कापड बांधलं आणि भर दुपारी परसाची भिंत ओलांडून गेलो. चाची जोत्यावर कुंकवाच्या पुड्या बांधत बसली होती. हातानं चाचपून तिनं बाटली ओळखली.

"चाखलंस का?" तिनं विचारलं.

दोन वर्षांत ते पाणी मी कधी जिभेला लावलं नव्हतं. माझ्याकडे नळी होती. मी कापड सोडलं, करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली. आई ठेवायची तशी, डोळे मिटून. मला नुसतं खारट लागलं.

"कळतंय का काय?"

मी नाही म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," चाची पुड्यांकडं वळत म्हणाली. "खिडकीत ठिव. दुपारची ती चाखून जाईल."

मी दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. मग चाचीची लोटी पाण्यानं भरून त्यांच्याशेजारी ठेवली आणि घरी आलो.